शेवटचा भाव बोला

जगात माणसांचे दोनच वर्ग आहेत असे माझे फार जुने मत आहे. दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून पाकीट बाहेर काढणारे हा पहिला वर्ग, आणि तो ऐकून चपला शोधू लागणारे हा दुसरा. पहिल्या वर्गातली माणसे आमच्या मलकापुरात गाडी चुकली तरच सापडतात. भुसावळ सोडून नागपूरकडे निघालेली गाडी विदर्भात शिरते ती आमच्याच स्टेशनातून. त्यामुळे विदर्भातली घासाघीसही आमच्यापासूनच सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

आमचे दुकान जिनिंगच्या सामानाचे. रोलर, सुऱ्या, पट्टे, बेअरिंगे. म्हणजे ज्या वस्तूंना सुंदर म्हणावे असे कुणालाही आजवर वाटलेले नाही, पण ऐन हंगामात एक जरी तुटली तरी अख्खी जिनिंग 'आ' वासून उभी राहते, अशा वस्तू. वडिलांनी हे दुकान १९६८ साली घातले. त्यांची कोटेशन द्यायची पद्धत सोपी होती. गिऱ्हाईक भाव विचारी. वडील त्याच्याकडे बघत. मग छताकडे बघत. मग सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर एक आकडा लिहून ते पाकीट उलटे सरकवीत. गिऱ्हाईक 'छे छे' म्हणे. वडील चहा मागवीत. चहा संपेपर्यंत सौदा ठरलेला असे. वडील स्वतः सिगारेट ओढत नसत. पाकिटे शेजारच्या पानवाल्याकडून आणून ठेवलेली असत.

मी त्यात एवढीच सुधारणा केली की, पाकिटाच्या जागी लेटरहेड आणले. माझ्या मते धंद्याचे आधुनिकीकरण तिथेच पूर्ण झाले होते. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, संगणक आला, टॅली आली. पण ती सगळी सौदा झाल्यानंतरची भानगड. सौदा व्हायचा तो चहावरच.

२०२१ साली आमचे चिरंजीव पुण्यातली नोकरी सोडून घरी आले. का आले, हे मी विचारले नाही. "आता दुकान मी बघतो," एवढेच ते म्हणाले. त्यावर सौ.ने साखर वाटली आणि मी दिवाणजींना सांगितले, "जरा सांभाळून घ्या." चिरंजीवांनी चार महिने सगळे बघितले आणि एका रात्री जेवताना जाहीर केले, "बाबा, आपल्याला आरएफक्यू सॉफ्टवेअर घ्यावं लागेल."

मला वाटले, हा एखादा व्हिटॅमिनचा प्रकार असावा. त्यांनी समजावून सांगितले. गिऱ्हाईक आता दुकानात येत नाही. ते मोबाईलवर एक चौकशी टाकते आणि ती एकाच वेळी राजकोटला, दिल्लीला, नागपूरला आणि दैवयोगाने आपल्याला येते. जो आधी आणि नीट उत्तर देईल त्याचे काम होते. "मागच्या हंगामात आपल्या तीन जिनिंग गेल्या. त्यांनी आपल्याला भाव विचारला होता बाबा. तुम्ही सहाव्या दिवशी उत्तर दिलंत."

"तेव्हा लग्नाची तिथी होती," मी म्हणालो. पण घास घशातच अडकला. कारण त्या तीन जिनिंग गेल्याचे मला ठाऊक होते, आणि त्या का गेल्या याचे मी घरात वेगळेच कारण सांगितले होते.

झाले. सॉफ्टवेअरचे स्थळ बघणे सुरू झाले. मुलीचे स्थळ बघताना लागले नाहीत एवढे दिवस याला लागले. पहिली कंपनी पुण्याची. तिचा तरुण प्रतिनिधी पडद्यावर प्रकट झाला आणि पाऊण तास बोलला. चौकशी आली की तिला आपोआप नंबर पडणार. कोटेशनची मुदत सात दिवस. आठव्या दिवशी ते आपोआप मरणार. प्रत्येक मालाचा एक तळभाव बांधून ठेवायचा, त्याच्या खाली यंत्र मालकालाही जाऊ देणार नाही. गिऱ्हाइकाने कमी मागितले की यंत्रच थोडे थोडे उतरणार. मी भारावून गेलो. वडील छताकडे बघत तेवढा वेळसुद्धा हे यंत्र घेत नव्हते.

"बरं, आणि याची किंमत काय?" मी विचारले.

त्यावर तो तरुण एकदम गप्प झाला. "सर, ते आपल्या गरजेप्रमाणे ठरतं. आमची टीम आपल्याला संपर्क करेल."

दुसऱ्या कंपनीच्या पानावर किमतीच्या जागी 'किंमत जाणून घेण्यासाठी संपर्क साधा' असे लिहिले होते. तिसरी परदेशातली, ती म्हणाली, दर माणशी दर महिना. दिवाणजींचा आकडा वेगळा पडतो असे कळताच दिवाणजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही. चौथे सॉफ्टवेअर फुकट होते. पण चौथे कोटेशन काढायला गेले की ते पैसे मागे. भाव ताबडतोब आणि स्पष्ट कसा सांगावा हे जगाला शिकवणाऱ्या या चारही मंडळींपैकी एकानेही स्वतःचा भाव धडपणे सांगितला नाही! त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. ही आपल्यातलीच माणसे होती.

पुण्याच्या तरुणाशी मग मीच फोनवर बोललो. चिरंजीवांना वाटले, मी सगळे बिघडवणार. मी त्याचे गाव विचारले, वडील काय करतात ते विचारले, आणि मार्चच्या तीस तारखेपर्यंत काही उत्तरच दिले नाही. त्याचे वर्षअखेरीचे टार्गेट असणार हे सांगायला संगणक लागत नाही. तीस तारखेच्या संध्याकाळी तो स्वतःहून चाळीस टक्के खाली आला. "सर, शेवटचा भाव!" तो कळवळून म्हणाला. मी म्हटले, "चहा घेतलास का?"

या निमित्ताने मी जरा वाचनही केले. उगाच अडाणी म्हणवून घेणे बरे नव्हे. तर हा ऑनलाइन घासाघिशीचा प्रकार म्हणे अमेरिकेत पिट्सबर्गला १९९५ मध्ये निघालेल्या फ्रीमार्केट्स नावाच्या कंपनीने नावारूपाला आणला. उलटा लिलाव. माल घेणारा एक, विकणारे अनेक, आणि बोली चढण्याऐवजी उतरत जायची. आपल्या सरकारनेही ऑगस्ट २०१६ मध्ये 'जेम' हा बाजार उघडला, त्यातही हा उलटा लिलाव आहे. आता आम्हा वऱ्हाडकरांना बाजाराचे नवल कोणी सांगू नये. कारंज्याचा कापसाचा बाजार नियमाखाली आला १८८६ साली, आणि खास बाजारासाठी कायदा वऱ्हाडात झाला १८९७ साली. तो कशासाठी? तर भाव चारचौघांत, उघड बोलला जावा म्हणून. नाहीतर पूर्वी व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटे दाबत आणि भाव ठरे. शेतकरी बिचारा रुमालाकडे बघत राही. त्याला म्हणत हत्ता पद्धत. ती मोडायला पुढेही कितीतरी वर्षे लागली.

आणि दूरवरून तारेवर सौदा करण्यातही बुलडाणा जिल्हा मागे नाही. आमच्या शेजारच्या खामगावचा खटला तर वकिलीच्या मुलांना आजही शिकवतात. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी ट्रंककॉलवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पेंड पोचली नाही असे म्हणत पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादेतच लावला. खामगावकर म्हणाले, दावा अहमदाबादेत चालूच शकत नाही, 'हो' तर खामगावात म्हटले गेले. झाले! करार कुठे झाला? 'हो' म्हटले तिथे, की 'हो' ऐकू आले तिथे? १८७२ चा करार कायदा लिहिणाऱ्यांना टेलिफोन ठाऊक नव्हता, तो आला १८७६ मध्ये. पेंड बाजूला राहिली आणि एवढा एकच प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९६५ साली बहुमताने निकाल लागला की, 'हो' ऐकू आले तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत मात्र वेगळे पडले; ते खामगावच्या बाजूने. ते पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. ट्रंककॉलवर ऐकू येणे किती दुर्मिळ, हे त्यांना माहीत असणारच, असा आपला माझा अंदाज.

तर सॉफ्टवेअर आले. पहिले काम म्हणजे जुनी कोटेशने आत घालणे. चिरंजीव आणि दिवाणजी पंधरा दिवस हेच करीत बसले, आणि सोळाव्या दिवशी चिरंजीवांनी मला बोलावले. पडद्यावर एक ओळ तांबडी झाली होती.

"बाबा, आबांना आपण बेअरिंग पाचशे नव्वदला देतो?"

"हो."

"आपल्याला ते पाचशे शहाऐंशीला पडतं."

"मग? चार रुपये सुटतात की."

"आणि गेली कित्येक वर्षं हेच चाललंय. बाबा, हे गिऱ्हाईक नाही, ही शिष्यवृत्ती आहे!"

आबांची जिनिंग गावाबाहेर आहे. माझ्यापेक्षा ते आठ वर्षांनी मोठे. १९७२ च्या दुष्काळात कापूसच आला नाही तेव्हा जिनिंग बंद, आमची वसुली बंद, आणि दुकानाला कुलूप लावायची वेळ आली होती. आबांच्या वडिलांची बरीच रक्कम आमच्या वडिलांकडे होती. ती त्यांनी मागितली नाही. त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. वडिलांनी ती फेडायला चार वर्षे घेतली, आणि मग मला बजावले की त्या घराला जो भाव लावशील तो 'घरचा भाव'. आमच्या वहीत तसा वेगळा रकाना होता. सॉफ्टवेअरमध्ये नव्हता.

मी हे चिरंजीवांना सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलं?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा पुण्याला, मी इथे. फोनवर जेवलास का विचारायचे की बहात्तर सालचा दुष्काळ सांगायचा? त्यांनी ती ओळ तशीच राहू दिली. तांबडीच.

दसरा झाला. हंगाम उघडला आणि एका दुपारी यंत्राने टुणकन आवाज केला. चौकशी आली होती. साठ बेअरिंगे. कुठल्याशा नव्या, इंग्रजी थाटाच्या नावाची फर्म, ठिकाण बुलडाणा जिल्हा, बाकी तपशील सौदा झाल्यावर. चिरंजीव बाह्या सरसावून बसले. त्यांनी ६८५ टाकले. समोरून आले ६००. तळभाव बांधला होता ६४०.

त्याच वेळी आबा दुकानात आले. आले म्हणजे रोजचेच. खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली, मी चहा सांगितला. आमचे गुडघेदुखीवर बोलणे झाले, पावसावर झाले. मागे टुण टुण चालू होते. ६७२. ६१५. ६६०. ६२५.

"काय वाजून राह्यलं बापा मघापासून?" आबांनी विचारले.

"पोरगा सौदा करतोय."

"कोनाशी?"

"कोण जाणे. आहे कुणीतरी चिवट."

"आमचा नातूबी सकाळपासून मोबाईल घेऊन बसला. म्हने ऑनलाइन खरेदी करतो. जेवाले नाही उठला." आबा हसले. मीही हसलो. मागे सौदा ६४० आणि ६३० वर अडला. दहा रुपये गुणिले साठ. चिरंजीव उतरेनात, समोरचा चढेना. शेवटी चिरंजीवांनी वैतागून त्या फर्मचा फोन नंबर मागितला. तो आला. त्यांनी लावला. पलीकडून आवाज आला, आणि आमच्या मुलाचा चेहरा सरकीच्या पेंडीसारखा झाला.

"आबा," ते उठून म्हणाले, "तुमचा नातू आहे."

दुकानात जी शांतता पसरली ती मोजायला सॉफ्टवेअर नाही. आधी आबा हसले, एवढे की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "किती म्हनते तो?"

"सहाशे तीस."

"आन् मले काय लावते तुमी?"

माझ्या डोळ्यांच्या खाणाखुणा चिरंजीवांपर्यंत पोचायच्या आत ते बोलून गेले, "पाचशे नव्वद."

आबांचे हसू गेले. "कधीपासून?"

कोणी बोलेना. दिवाणजी पेन्सिलीला टोक करू लागले.

"भाऊ, म्या काय धर्मादाय खातो काय? माह्या बापानं देल्लं ते तुह्या बापानं फेडलं. तो हिशेब तवाच मिटला होता. सहाशे चाळीस लाव!"

"पाचशे नव्वद," मी म्हणालो.

"सहाशे चाळीस! नाहीतर राजकोटहून घेतो."

"आबा, सहाशेच्या वर एक पैसा घेणार नाही. हा शेवटचा भाव!"

घेणारा वर चढतो आहे आणि विकणारा खाली उतरतो आहे, असा हा लिलाव बहुधा पिट्सबर्गलाही झाला नसेल. फोन चालूच होता. पलीकडून नातू "हॅलो, हॅलो" करीत होता. चिरंजीवांनी ६०० चा आकडा यंत्रात घालून पाहिला. यंत्राने तो घेतला नाही. तळभावाच्या खाली मालकालाही जाता येत नव्हते.

आबांनी गुडघ्यावरची टोपी डोक्यावर ठेवली. आता हे उठून जातात की काय, असे मला वाटले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात ओढून घेतला, वर रुमाल टाकला आणि बोटे दाबली. त्यांच्या हाताला अजून पकड आहे. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा दाबली, जरा कमी जोराने. मी विचार केला आणि एक बोट परत दाबले.

"ठरलं," आबा म्हणाले, आणि बशीतला उरलेला चहा संपवून निघून गेले.

"किती ठरलं?" चिरंजीवांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी काही खटपट करून तळभावाचे कुलूप काढले आणि आकडा घातला. तेव्हा यंत्राने आणखी एक चौकट पुढे केली. सवलतीचे कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खाली तयार कारणांची यादी होती; त्यातले एकही लागू पडेना.

चिरंजीव थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग छताकडे. मग भराभर काहीतरी टाईप केले. काय लिहिले ते मला वाचता आले नाही, चष्मा घरी राहिला होता. मी विचारले तर म्हणाले, "काही नाही. दिवाणजी, बिल काढा."