अकारविल्हे लावण्याचा हिशेब

‘सूची अकारविल्हे लावून घ्या’ हे वाक्य आपल्या मराठी विभागांत ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेत थोडी तुच्छता दडलेली आहे असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे. प्रबंध लिहिणे हे विद्वत्तेचे काम आणि शेवटची शब्दसूची लावणे हे कारकुनी. ते विद्यार्थ्याने करावे, घरच्या कुणी करावे, अलीकडे संगणकाने करावे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून निघू लागले. त्यांतला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी हाताने आपल्या जागी बसला आहे. परंतु कोशवाङ्मयावर लिहिताना आपण व्युत्पत्तीवर लिहितो, अर्थच्छटांवर लिहितो. या बसवण्याच्या श्रमांविषयी अवाक्षर काढत नाही.

हे श्रम मोजणारे एक शास्त्र आहे आणि ते आपल्याच महाविद्यालयात, दोन मजले वर शिकवले जाते, हे मला ठाऊक झाले ते आमच्या विभागातील चिठ्ठ्यांमुळे. जात्यावरच्या ओव्यांमधील शब्दांच्या या सुमारे ४००० चिठ्ठ्या. प्रत्येकीवर शब्द, ओवी, गाव आणि नोंदीचे वर्ष. त्या लावायला किती दिवस लागतील, असे मी संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, दिवस विचारू नका. ‘या दोहोंत आधी कोणती?’ हा प्रश्न किती वेळा विचारावा लागेल, ते विचारा.”

अल्गोरिदमच्या विश्लेषणाचे सारे मर्म मला या एका वाक्यात सापडले. हात चपळ की मंद, यंत्र जुने की नवे, हे सगळे बाजूला ठेवायचे आणि केवळ पद्धतीला विचारायचे की तुझ्यापायी किती तुलना कराव्या लागतात. एकेक चिठ्ठी उचलून आधी लावलेल्या चिठ्ठ्यांशी क्रमाने ताडत योग्य जागी खोचत गेलो (याला इन्सर्शन सॉर्ट म्हणतात), तर सरासरीने संख्येच्या वर्गाच्या चौथाई, म्हणजे ४० लाख तुलना होतात. एका तुलनेला दोन सेकंद आणि रोजचे सहा तास धरले, तर एका माणसाचे ३७० दिवस. उलट चिठ्ठ्यांचे निम्मे-निम्मे गठ्ठे करीत जायचे आणि लावलेले दोन-दोन गठ्ठे वरच्या चिठ्ठ्या ताडत एकात मिसळायचे, ही मर्ज सॉर्टची रीत धरली, तर तुलना ४८ हजारांहून कमी. पाच दिवसांत काम आटोपते! चिठ्ठ्या दुप्पट झाल्या तर पहिल्या रीतीचे श्रम चौपट होतात, दुसरीचे दुपटीहून थोडेसेच अधिक. वेगवान यंत्र आणल्याने हा फरक बुजत नाही. चिठ्ठ्या वाढतील तसा तो रुंदावतच जातो.

अर्थात हाताने काम करणारा माणूस इतका भाबडा नसतो. तो आधी क, ख, ग असे ढीग करतो. खोचतानाही गठ्ठ्याच्या मध्यावर बोट घालून पाहतो. शिवाय पेटीत चिठ्ठी खोचली की बाकीच्या आपोआप सरकतात. संगणकाच्या स्मृतीत मात्र प्रत्येकीला उचलून पुढे ठेवावे लागते. म्हणजे ‘श्रम’ कशाला म्हणायचे, हेही साधनावर अवलंबून आहे. असो.

मराठीच्या विद्यार्थ्यांना मी हल्ली आवर्जून सांगते ती हकिगत टोनी होअर यांची. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिनच्या अभिजात परंपरेत शिकलेला, नौदलात रशियन शिकलेला हा तरुण १९५९-६० मध्ये मॉस्को विद्यापीठात होता आणि रशियनचे इंग्रजी भाषांतर यंत्राकडून कसे करवावे या विचारात होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर, वर्णक्रमाने. फीत पुन्हा पुन्हा मागे-पुढे फिरवायची नसेल, तर वाक्यातले शब्दच आधी वर्णक्रमाने लावून घ्यायला हवेत. या निकडीतून क्विकसॉर्ट जन्मली आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. एक शब्द निवडायचा, त्याच्या आधीचे सारे डावीकडे, नंतरचे सारे उजवीकडे. मग प्रत्येक बाजूशी पुन्हा तेच. जगभर शिकवल्या जाणाऱ्या या पद्धतीचे मूळ भाषांतरकाराच्या शब्दकोशात आहे, हे आमच्या विभागात कुणाच्या कानी नव्हते.

तिची एक खोड मला फार आवडते. दर वेळी पहिलाच शब्द निवडायचा असे ठरवले आणि यादी आधीच नीट लावलेली निघाली, तर तिचे हाल होतात. एका बाजूला काहीच नाही, दुसऱ्या बाजूला सगळे. आमच्या ४००० चिठ्ठ्यांना एरवी सरासरी ५५ हजार तुलना पुरतील, तिथे जवळजवळ ८० लाख! आणि त्याच यादीवर ती संथ इन्सर्शन सॉर्ट ३९९९ तुलनांत मोकळी होते.

आमच्या कामाला अखेर मर्ज सॉर्टच मानवली, पण ती वेगासाठी नव्हे. एकच शब्द वीस चिठ्ठ्यांवर असतो. चिठ्ठ्या आधी वर्षानुसार लावून मग शब्दानुसार लावल्या, तर एकेका शब्दाच्या पोटात वर्षांचा क्रम टिकायला हवा. त्यावाचून शब्दाचा इतिहास दिसणार कसा? समान असलेल्यांचा मूळ क्रम न मोडणाऱ्या पद्धतीला ते लोक ‘स्टेबल’ म्हणतात. मर्ज सॉर्ट तशी आहे. क्विकसॉर्ट तिच्या नेहमीच्या रूपात तशी नाही.

मात्र या साऱ्या गणिताने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ‘आधी कोण?’ या प्रश्नाला उत्तर आहे. ते उत्तर गणित देत नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसला आहे. नुसत्या त्या क्रमांकांवर विसंबले तर ‘कळस’ ‘कवडी’च्या आधी येतो; आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतरचा. ‘क्षण’ क च्या ढिगात जातो, कारण संगणकाला तिथे क, हलन्त आणि ष दिसतात. क्ष ला शेवटी वेगळे घर द्यावे की क मध्येच ठेवावे, याच्या दोन्ही रीती कोशांत आढळतात. मराठीची रीत संगणकाला सांगता येते, त्याला अडचण काहीच नाही; कुणीतरी ती ठरवून सांगावी लागते, इतकेच. आणि ते ‘कुणीतरी’ आपण नसू, तर कोण? मुलांच्या प्रबंधांतल्या सूची मी तपासते, तेव्हा ळ भलत्या जागी असतो आणि मुले म्हणतात, “मॅडम, संगणकानेच लावलंय.”

सहकाऱ्यांनी आमच्याकडे तुलनेचे नियम लेखी मागितले आहेत. दोन शनिवार आम्ही त्यावर बसलो. ळ ह च्या नंतर, क्ष आणि ज्ञ शेवटी, इतके ठरले. अनुस्वारावर गाडी अडली आहे. ‘अंगण’ हा ‘अकरा’च्या आधी घ्यावा, की अनुस्वार म्हणजे ङ असे मानून ‘अघोर’च्या पुढे? विभागातील ज्येष्ठ सर परसवर्णाचा आग्रह सोडीत नाहीत. ओवी गाणारीच्या तोंडी ङ कुठून आला, असे मी विचारते. तूर्त अंगणाच्या एकवीस चिठ्ठ्या वेगळे रबरबँड लावून कपाटात ठेवल्या आहेत.