लाटवियन नोंदींचा साचा

३ नोव्हेंबर
मुक्त शब्दकोशातल्या लाटवियन नोंदी आज सलग वाचल्या. एका नामाला षष्ठीचं रूप दिलंय, दुसऱ्याला नुसतं लिंग. या भाषेत नामांचे सहा वर्ग. 'स'ने संपणारा शब्द पुल्लिंगी धरावा, तर 'पिल्स' (किल्ला) आणि 'झिव्स' (मासा) स्त्रीलिंगी निघतात. वर्ग आणि षष्ठी प्रत्येक नोंदीत हवीच, असं मांडलं. कुणाची हरकत नाही.

५ नोव्हेंबर
वाद पेटला तो सुरांवरून. दीर्घ अक्षराला सूर तीन: सपाट, उतरता, तुटका. 'लुओक्स' सपाट म्हटलं की कांद्याची पात, उतरत्या सुरात कमान, आणि मध्येच कंठ आवळून म्हटलं की खिडकी. यातले पहिले दोन शब्द लिहितानाही हुबेहूब सारखे. मिलेनबाख्स आणि एंड्झेलीन्स यांच्या कोशात (१९२३-३२) सुरांच्या खुणा शीर्षशब्दावरच आहेत, म्हणून आपणही तसंच करावं असं काहींचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. रोजच्या लिखाणात लाटवियन माणूस या खुणा देत नाही, आणि नवशिका त्यांना अक्षराचाच भाग समजेल. सूर उच्चाराच्या ओळीत द्यावा, सोबत प्रदेशही. कारण तिन्ही सूर वल्मिएराच्या आसपास वेगळे ऐकू येतात, पुष्कळ ठिकाणी दोनच उरलेत.
दीर्घत्वाची आडवी रेघ मात्र शीर्षशब्दावर हवीच. ती गाळली तर 'काझस' म्हणजे लग्न, त्याच्या 'कझस' म्हणजे शेळ्या होतात!

६ नोव्हेंबर
बोलीरूपांचं काय करायचं? क्रिश्यानिस बारोन्स यांनी लोकगीतं लावताना एक पाठ मुख्य धरला आणि बाकीचे त्याखाली दिले. गावोगावहून आलेल्या गीतांत दुसरं कसं जमलं असतं! तीच रीत इथे घ्यावी, असं सुचवलं. मान्य झालं.

९ नोव्हेंबर
विभक्तीचा तक्ता आपोआप भरणारा साचा तपासला. 'ब्रालिस' (भाऊ) याच्या षष्ठीत 'ल' तालव्य होतो, ते साच्याला येतं. पण 'तेतिस' (बाबा) आणि 'विएसिस' (पाहुणा) यांत तसा बदल होत नाही, आणि साचा तो सरसकट करून मोकळा होतो. चुकीचं रूप तक्त्यात नीटनेटकं बसलं की कुणी शंकाही घेत नाही, याची मला खरी काळजी वाटते. अशा शब्दांसाठी वेगळी खूण ठेवायचं ठरलं.
तृतीयेची ओळ ठेवायची की नाही, ते राहिलंय. तिचं एकवचन द्वितीयेसारखं, अनेकवचन चतुर्थीसारखं. मी तळटीप पुरे म्हणते. बाकीच्यांची मतं यायची आहेत. तोवर सहाव्या वर्गाच्या नोंदी हाती घेते, वाचक अडतो तो तिथेच.