प्रणाली बंद पडते तेव्हा

संगणक बसवला की प्रशासन सुधारले, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. संगणकाच्या जागी आता क्लाउड आले, समज तोच राहिला. म्हणून 4 ऑगस्ट 2025 या तारखेची नोंद प्रशासनात रस असणाऱ्यांनी अवश्य घ्यावी. त्या दिवशी भारतीय टपाल खात्याने आपली 1.64 लाखांहून अधिक कार्यालये ॲडव्हान्स्ड पोस्टल टेक्नॉलॉजी, म्हणजेच एपीटी, या एकाच नव्या प्रणालीवर आणण्याचे काम पूर्ण केले. प्रणाली चालते ती 'मेघराज' या सरकारी क्लाउडवर. मोठमोठ्या कंपन्या शंभर-दोनशे शाखा क्लाउडवर नेताना घामाघूम होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा आवाका कळतो.

टपाल खात्याचा हा पहिला प्रयोग नव्हे. 2012 मध्ये सुमारे 4,909 कोटी रुपयांचा आधुनिकीकरण प्रकल्प मंजूर झाला. 2013 मध्ये टीसीएसकडे काम गेले आणि सॅप या जर्मन कंपनीच्या ईआरपीवर खात्याचे हिशेब, पगार, भांडार व टपालाचे व्यवहार बसवण्यात आले. डेटा सेंटर नवी मुंबईत होते, आणि आपत्कालीन पर्यायी केंद्र म्हैसूरला. ईआरपी म्हणजे सोप्या भाषेत सांगायचे तर संस्थेच्या साऱ्या चोपड्या मिळून एकच चोपडी: एका टेबलावर नोंद झाली की दुसऱ्या टेबलावर ती पुन्हा लिहायची गरज नाही. एपीटी मात्र विकत घेतलेली नाही. म्हैसूर येथील खात्याच्याच तंत्रज्ञान केंद्राने ती तयार केली, मे-जून 2025 मध्ये कर्नाटक परिमंडळात चालवून पाहिली आणि मग टप्प्याटप्प्याने देशभर नेली. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. पत्त्यावर माणूस न सापडलेल्या रजिस्टर पत्राचे पुढे काय होते, हे बाहेरच्या सल्लागाराला समजावून सांगण्यात महिने जातात. पोस्टमास्तरला ते समजावून सांगावे लागत नाही.

तथापि राखीपौर्णिमा 9 ऑगस्टला होती. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांत या दिवसांत टपालाला काय किंमत असते ते मी सांगायला नको. भाऊ जबलपूरला, बहीण साताऱ्याला, मामेभाऊ बडोद्याला. नेमक्या त्याच दिवसांत देशाच्या अनेक भागांतून सर्व्हर मंद असल्याच्या व खिडकीवर रांगा लागल्याच्या बातम्या आल्या. पुढे प्रणाली सावरली. एका दिवसात 32 लाख नोंदण्या व 37 लाख वाटप हाताळल्याचे सरकारने जाहीर केले. सुरुवातीची अडचण मी क्षम्य मानतो. सणाचा आठवडा निवडणे मला तितकेसे पटलेले नाही.

मी राहतो त्या चेरीतालच्या नावात एक तळे आहे. राणी दुर्गावतीने बांधले ते राणीताल, तिच्या मंत्र्याने, आधारसिंहाने, बांधले ते आधारताल आणि तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, बांधले ते चेरीताल, अशी जबलपूरची परंपरागत समजूत. आज येथे वस्ती आहे. पण ज्या काळी मोहल्ल्यामोहल्ल्यात आपापले तळे होते, त्या काळी एक आटले म्हणून दुसरे आटत नसे. आताचे धोरण याच्या उलट आहे. मध्य प्रदेशातील नगरी संस्थांसाठी 'ई-नगरपालिका' ही सामायिक प्रणाली आहे. करभरणा, जन्ममृत्यूचे दाखले, परवाने सारे तिच्यावर. डिसेंबर 2023 मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि चारशेहून अधिक नगरी संस्थांची ऑनलाइन कामे एकदम अडली. पूर्वी असा घाला पडला असता तर एका गावाचे दप्तर गेले असते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: चारशे ठिकाणी चारशे सर्व्हर सांभाळण्याइतकी जाणकार माणसे आपल्याकडे नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी बॅकअप कधी घेतला गेलाच नसता. तेव्हा एकत्र येण्याला माझा विरोध नाही. प्रणाली थांबली असता खिडकीवरच्या माणसाने काय करायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

कागदाच्या काळात याचे उत्तर तयार असे. अधिकार नियमपुस्तकात असत, आणि नियमपुस्तक वीज गेली तरी उघडता येई. ईआरपीत अधिकार पडद्यावरच्या बटणात जातो. बटण नसेल तर अधिकारही नाही. मग समोरचा कर्मचारी 'सर्व्हर डाउन आहे' एवढेच म्हणू शकतो, आणि आपण त्याला आळशी समजतो.

एका सरकारी उपक्रमाचा वित्तविभाग माझ्याकडे असताना आम्ही ईआरपी भाड्याच्या सर्व्हरवर नेली. (उपक्रमाचे नाव महत्त्वाचे नाही.) संगणकाचे काम त्यात सर्वांत थोडे होते. भांडाराच्या यादीतच तीन महिने गेले. एकच बोल्ट इंचाच्या मापाने एकदा, मिलिमीटरच्या मापाने एकदा आणि पुरवठादाराच्या नावाने एकदा, असा तीन क्रमांकांवर नोंदलेला. हे कोणत्याही कागदावर नव्हते, जुन्या भांडारपालाला तेवढे ठाऊक होते. तो एकदा मला म्हणाला, "साहेब, पडद्यावर माल शिल्लक दिसतो आणि मांडणी रिकामी आहे. आता मी कोणाचे ऐकू?" मांडणीचे ऐका, असे मी सांगितले आणि आरंभीची शिल्लक पुन्हा मोजून घेतली.

त्याच सुमारास मी प्रणाली थांबल्यास काय करावे याचा एक पानाचा आदेश लिहिला. दोन तासांहून अधिक वेळ प्रणाली बंद असेल तर छापील क्रमांकाच्या पावतीपुस्तकावर माल द्यावा, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि प्रणाली सुरू झाल्यापासून चोवीस तासांत नोंद करावी. सल्लागार कंपनीच्या तरुणाला हे मुळीच रुचले नाही. "सर, पुस्तक ठेवले तर लोक पुस्तकावरच काम करतील," तो म्हणाला. त्याची भीती अनाठायी नव्हती. समांतर चोपड्यांनी बुडालेल्या ईआरपी मीही पाहिल्या आहेत. म्हणून पुस्तक मोहोरबंद पाकिटात ठेवायचे ठरले. टपाल खात्याने याच विचाराने, पण अधिक चांगली, सोय पूर्वीच केली होती: 'दर्पण' प्रकल्पात ग्रामीण शाखा डाकघरांना दिलेली हातातली यंत्रे नेटवर्क नसतानाही व्यवहार नोंदवीत आणि नेटवर्क मिळाले की तो वर पाठवीत. खेड्यात नेटवर्क नसणार हे गृहीत धरले म्हणून ही सोय झाली. शहरात ते असणारच असे आपण गृहीत धरतो.

आमचे पाकीट पहिल्या वर्षात चार वेळा फोडावे लागले. त्यातली एक वेळ पावसाळ्यातली, रात्री साडेअकराची. पाणीपुरवठ्याच्या पंपाचा ट्रान्सफॉर्मर जळला होता आणि जोडणी दुपारपासून तुटलेली. भांडारपालाने दुसऱ्या सहीसाठी पंपावरच्या कनिष्ठ अभियंत्याला बोलावून घेतले, हाताने पावती फाडली आणि ट्रान्सफॉर्मर ट्रकवर चढवला. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला त्याने नोंद केली, पावतीच्या कोपऱ्यात प्रणालीने दिलेला क्रमांक लाल शाईने लिहिला आणि नवे पाकीट मोहोर करून माझ्या सहीसाठी पाठवले.