क्षमेनंतरची तीस वर्षे

जेकब डिशेझर यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ८ जून १९४४ या तारखेपाशी थांबतात. नानकिंगच्या जपानी तुरुंगात, एकांत कोठडीत, या अमेरिकन सैनिकाने त्या दिवशी ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि छळ करणाऱ्यांविषयीचा द्वेष सोडला. प्रसंग विलक्षण आहे. पण तिथेच थांबले, की पंचाण्णव वर्षांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण भाग नजरेआड होतो. द्वेष एका दिवसात गळून पडू शकतो. ज्यांचा द्वेष केला त्यांच्यात जाऊन राहायला, त्यांची भाषा जिभेवर रुळवायला आणि त्यांच्या दारोदार जायला मात्र वर्षे लागतात. डिशेझर यांनी जपानला जवळजवळ तीस वर्षे दिली. त्यांच्या क्षमेचा पुरावा शोधायचा तो या वर्षांत, असे मला वाटते.

आधी तो द्वेष किती खोल होता ते पाहिले पाहिजे. १९१२ मध्ये ओरेगॉन राज्यात जन्मलेला हा तरुण १९४० मध्ये सैन्याच्या हवाई दलात दाखल झाला. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा ते छावणीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. हातातला बटाटा त्यांनी संतापाने भिंतीवर फेकून मारला. चार महिन्यांनी, १८ एप्रिल १९४२ रोजी, कर्नल डुलिटल यांच्या नेतृत्वाखाली १६ बॉम्बर विमाने ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून जपानकडे निघाली. सर्वांत शेवटच्या विमानात बॉम्ब टाकण्याचे काम डिशेझर यांच्याकडे होते आणि त्यांचे लक्ष्य होते नागोया. बॉम्ब टाकून चीनकडे जाताना इंधन संपले. पाचही जणांनी जपानच्या ताब्यातील चीनमध्ये पॅराशूटने उड्या घेतल्या आणि पाचही जण पकडले गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांचे वैमानिक विल्यम फॅरो आणि तोफची हॅरॉल्ड स्पॅट्झ यांना, तसेच दुसऱ्या विमानाचे वैमानिक डीन हॉलमार्क यांना गोळ्या घातल्या गेल्या. दोन्ही विमानांतील उरलेल्या पाच कैद्यांची मृत्युदंडाची शिक्षा सम्राटाच्या आदेशाने जन्मठेपेत बदलली. त्यांपैकी रॉबर्ट मीडर पुढच्या वर्षी उपासमारीने आणि आजाराने कोठडीतच गेले. डिशेझर ४० महिने कैदेत होते, त्यांतले ३४ एकांतात.

अशा अवस्थेत १९४४ च्या मे महिन्यात त्यांच्या हाती तीन आठवड्यांपुरते बायबल आले. इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. भुकेने आणि एकटेपणाने पिचलेल्या मनाला जे हाती लागेल ते आधार म्हणून धरावेसे वाटते. अशा श्रद्धेला किती किंमत द्यायची? उत्तर असे, की केवळ आधारासाठी धरलेली गोष्ट गरज संपली की हातून सुटते. डिशेझर यांची गरज २० ऑगस्ट १९४५ रोजी पेकिंगमध्ये सुटका झाली तेव्हाच संपली होती. घर आणि वीर म्हणून मिळणारा मान समोर असताना त्यांनी सिॲटल पॅसिफिक महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि डिसेंबर १९४८ मध्ये पत्नी फ्लॉरेन्स यांच्यासह मिशनरी म्हणून ते जपानला पोहोचले. खचलेले मन जिथे मोडले त्या जागेपासून सहसा दूर पळते. मात्र एक सावधगिरी हवी. त्याच कोठड्यांतून सुटलेल्या जॉर्ज बार यांना नंतर मनाच्या गंभीर आजाराशी झगडावे लागले. त्यामुळे डिशेझर यांची क्षमा ही इतर कैद्यांना मोजायची पट्टी होऊ शकत नाही. ज्याला क्षमा करता आली नाही तो कमी दर्जाचा माणूस, असा निष्कर्ष कुणी काढू नये.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. जपान तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता आणि जनरल मॅकआर्थर स्वतः मिशनऱ्यांना बोलावत होते. जेत्याच्या देशातून आलेल्या धर्मोपदेशकाचे प्रेम किती निखळ? सुरुवातीच्या काळापुरते यात तथ्य आहे. ‘मी जपानचा कैदी होतो’ ही त्यांची छोटी पुस्तिका लाखोंच्या संख्येने वाटली गेली. तिची एक प्रत टोकियोच्या शिबुया स्थानकाबाहेर मित्सुओ फुचिदा यांच्या हाती पडली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचे हवेत नेतृत्व करणारे हेच फुचिदा पुढे ख्रिस्ती प्रचारक झाले. १९५० मध्ये दोघे भेटले तेव्हा वृत्तपत्रांना हवी तशी गोष्ट मिळाली. पण एप्रिल १९५२ मध्ये ताबा संपला, गर्दी ओसरली आणि डिशेझर तिथेच राहिले. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हाही एक टक्क्याच्या आसपास होती, आजही तेवढीच आहे. म्हणजे यशाच्या आकड्यांनी त्यांना थांबवून ठेवले असे म्हणता येत नाही. लहान मंडळ्या, थोडी माणसे, पुन्हा नवे गाव. ज्या फ्री मेथडिस्ट चर्चचे ते मिशनरी होते, त्याच चर्चचे काम आपल्याकडे यवतमाळमध्ये कित्येक दशके चालत आले आहे, आणि तिथल्या अनेक कुटुंबांना असे संथ, गाजावाजा नसलेले काम ठाऊक आहे. १९५९ मध्ये ते नागोयाला राहायला गेले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेला नागोयाचा किल्ला त्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. ज्या शहरावर त्यांनी स्वतः आगीचे बॉम्ब टाकले होते, तिथे त्यांनी चर्च सुरू केले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. क्षमा करण्याचा अधिकार कुणाचा? डुलिटलच्या इतर वैमानिकांना चिनी शेतकऱ्यांनी लपवले, खाऊ घातले, वाट दाखवली. त्याचा सूड म्हणून आणि तिथले विमानतळ निकामी करण्यासाठी जपानी सैन्याने झेजियांग आणि जियांगशी प्रांतांत मोहीम काढली. तीत मारल्या गेलेल्या चिनी नागरिकांचा आकडा अडीच लाखांपर्यंत सांगितला जातो. त्यांच्या वतीने कोणीही अमेरिकन क्षमा करू शकत नव्हता. डिशेझर यांच्या हाती होती ती फक्त स्वतःला झालेल्या यातनांची क्षमा. न्यायाचे काम वेगळे चालले आणि तसेच ते चालायला हवे होते: १९४६ मध्ये शांघायच्या खटल्यात पकडलेल्या वैमानिकांवरील अत्याचारांसाठी चार जपानी अधिकाऱ्यांना सक्तमजुरी झाली. क्षमेने खटल्याची जागा घेतली नाही, आणि खटल्यामुळे क्षमा निरर्थकही ठरली नाही.

याच आक्षेपाची एक बाजू क्वचितच बोलली जाते. डुलिटलच्या हल्ल्यात जपानमध्ये सुमारे पन्नास माणसे मेली. पुस्तिकेचे नाव मात्र कैद्याचे आहे, बॉम्ब टाकणाऱ्याचे नाही. प्रचाराच्या सोयीसाठी डिशेझर क्षमा करणारे म्हणून पुढे आणले गेले. क्षमेची गरज त्यांनाही होती ही बाजू मागे पडली. या सांगण्यातला हा मोठा दोष आहे असे मी म्हणेन. नागोयाची निवड मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. त्या शहरात राहणाऱ्या माणसाला आपण केवळ पीडित होतो असे रोज स्वतःला सांगत राहणे शक्य नव्हते. १९७७ मध्ये ते निवृत्त होऊन ओरेगॉनला परतले आणि १५ मार्च २००८ रोजी सेलम येथे वारले. चर्चच्या व्यासपीठांवर आणि रविवारच्या शाळांत त्यांची गोष्ट यापुढेही सांगितली जाईल. सांगणाऱ्यांना एवढीच विनंती, की कोठडीसोबत नागोयातली वर्षेही सांगा, आणि झेजियांगमधली गावे वगळू नका.