उन्हाळ्यात उठतो का?

“मॅडम, तुम्ही साहेबांना पाठवून द्या. त्यांना नीट समजावून सांगतो.”

साताऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात हे ऐकून घ्यावं लागलं, त्याला बरीच वर्षं झाली, पण आठवलं की आजही डोकं तापतं. आमचे साहेब शाळेत इतिहास शिकवतात. कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं एवढं त्यांना माहीत आहे, आणि तेही मी दाखवलं म्हणून. डीटीपीचं काम माझं, मशीन माझ्या पैशांचं, बिघाड रोज सकाळी मी बघणार, आणि समजावून सांगायचं साहेबांना!

मशीन २००५ सालचं. पेन्टियम फोर, विंडोज एक्सपी. ‘नवीन का घेत नाही’ हा प्रश्न पेजमेकरमध्ये कधी काम न केलेले लोकच विचारतात. पतसंस्थांचे अहवाल, बारशापासून तेराव्यापर्यंतच्या पत्रिका, सगळं त्यात. श्रीलिपीचे आमचे फाँट युनिकोडच्या आधीचे. फाइल दुसरीकडे उघडली की मजकुराच्या जागी नुसता किचाट. शिवाय श्रीलिपीचं लॉक प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसतं, आणि ते पोर्ट नव्या मशीनला मागे नसतंच. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला, पण माझ्या मशीनला इंटरनेटच नव्हतं. त्याला काय फरक पडणार होता?

दुखणं सुरू झालं २०१९च्या दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, पत्रिकांची गर्दी, आणि सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पण डिस्प्ले नाही. बीपसुद्धा नाही. बटण दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. असं करत करत कधीतरी ‘टिक्’ असा एकच बीप वाजायचा आणि पडदा उजळायचा. एकदा उठला की रात्रीपर्यंत तक्रार नाही. मध्ये बंद करून लगेच चालू केला तरी निमूट चालू. थंडी वाढली तशी सकाळची ही आराधनाही लांबत गेली.

मुलीचा हेअर ड्रायर घरात होता. एका सकाळी कॅबिनेटचं झाकण काढलं, वायर सॉकेटमधून उपसून ठेवली आणि ड्रायर कमी गरमवर लावून प्रोसेसरच्या आजूबाजूला लांबून वारा दिला. वायर लावली, बटण दाबलं, पहिल्या फटक्यात बीप. दुसऱ्या दिवशी ड्रायर न देता बघितलं: नाही. ड्रायर दिला: चालू. याहून सरळ पुरावा कुणाला काय द्यायचा?

मशीन घेऊन दुकानात गेले. पोवई नाक्याला तेव्हा ग्रेड सेपरेटरचं खोदकाम चाललेलं. धुळीतून रिक्षा काढता काढता रिक्षावाल्याने मलाच दोन शब्द ऐकवले. काउंटरवरच्या मुलाला मी सगळं सांगितलं: थंडीत उठत नाही, गरम केलं की उठतो. तो हसला. “हेअर ड्रायर?” म्हणून आतल्या दोघांनाही ऐकवलं. तेही हसले. मग म्हणाला, “फॉरमॅट मारून देतो.” मी म्हटलं, अरे, काळ्या पडद्यावर अक्षरसुद्धा येत नाही, विंडोजपर्यंत गाडी जातच नाही, तू फॉरमॅट कशाला मारतोस? मग सेलवर आला. सीआर २०३२, तो नाण्याएवढा तीन व्होल्टचा. सेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि माझ्या मशीनची तारीख रोज बरोबर असायची. हेही सांगितलं. सेल बदललाच. शेवटी “बोर्ड गेलाय, रिपेअरला पुण्याला पाठवतो” म्हणाला आणि पावती फाडली. पावतीवर लिहिलं: ‘सीपीयू, १ नग’.

ऐन लग्नसराईत मशीन दुकानात पडून राहिलं. पत्रिका दुसऱ्याकडे वळवाव्या लागल्या, त्यातली काही गिऱ्हाइकं पुन्हा आलीच नाहीत. मग फोन आला. भर दुपारी गेले तर मशीन पडद्यावर फुलं दाखवत चालू. अठराशे रुपये मोजले.

घरी सकाळी बटण दाबलं. पंखा, दिवा, डिस्प्ले नाही.

ड्रायर मारून उठवला, आणि तेव्हा काळ्या पडद्यावरच्या आकड्याकडे लक्ष गेलं. जुन्या मशीनमध्ये सुरुवातीला मेमरी मोजली जायची, आकडा भराभर चढायचा. माझा आकडा कायम दहा लाखांच्या पुढे जाऊन थांबायचा, कारण आत ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या होत्या, मिळून एक जीबी. त्या सकाळी तो पाच लाखांच्या आसपास थांबला. झाकण काढून बघितलं, पट्ट्या दोनच होत्या, पण दोन्ही २५६च्या.

तशीच दुकानात गेले. २००५चं खरेदीचं बिल दाखवलं, त्यात ५१२ गुणिले २ स्वच्छ लिहिलेलं. मालक म्हणाला, “जुन्या बिलाचं काय, मॅडम, मधे कुणीतरी काढला असेल.” मी म्हटलं, मधे म्हणजे कधी? मशीन घरात, कुलपात. “आमच्या पावतीवर रॅम लिहिलाय का?” नव्हता लिहिला. त्यांनीच लिहिला नव्हता, आणि तोच आता त्यांचा पुरावा झाला! बोर्ड पुन्हा बिघडल्याचं विचारलं तर म्हणाला, इथे तर चालत होता. सकाळी चालवून बघितला का, थंड असताना? तेव्हा ते साहेबांचं वाक्य आलं.

माझी ताई सांगलीला, विश्रामबागेत. ती म्हणाली, इकडे घेऊन ये. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी पंचेचाळीस. ताईच्या चुलत सासऱ्यांचा गावभागातला टीव्ही पुरात बुडाला होता, तो तिथल्याच एका काकांनी चिखल धुऊन, वाळवून चालू करून दिला होता. हार्डडिस्क काढून पर्समध्ये घेतली, कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कराडपर्यंत ठीक. पेठ नाक्यावरून इस्लामपूर, आष्टा करत सांगलीचा रस्ता लागला की खड्ड्याखड्ड्याला रॅमच्या नव्हे, माझ्याच पट्ट्या निसटतात की काय असं व्हायचं. त्या रस्त्यावर वेगळा लेख होईल.

काका मूळचे रेडिओ-टीव्हीवाले. साताऱ्याहून आले म्हटल्यावर म्हणाले, “म्हणजे पाणी तुमच्याकडनंच आलं की आमच्याकडं.” मग झाकण उघडायच्या आधी विचारलं, “उन्हाळ्यात कसं व्हतं? उठायचा का?”

उन्हाळ्यात कधीच अडला नव्हता.

“मग बोर्ड गेलेला नाय. गेलेला माणूस उन्हाळ्यात उठत नाय.”

ड्रायरचं सांगितलं तर हसले नाहीत. “बराबर केलं, आम्हीबी हाच वारा देतो.” बॅटरीचा उजेड पाडून त्यांनी प्रोसेसरच्या कडेचे उभे निळे कपॅसिटर दाखवले. माथ्यावर फुलीसारखी चीर असते, ती सपाट हवी. काहींची वर उचलली होती, एकाच्या चिरेतून तपकिरी खरपूस काहीतरी बाहेर येऊन सुकलं होतं. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी, ते म्हणाले, खालून पाणी कमी-जास्त आलं तरी नळाला धार एकसारखी. आतलं द्रव आटलं की टाकी नावाला उरते, आणि गारठ्यात ते द्रव आणखी मंद होतं. चालू-बंद करताना थोडा थोडा करंट जाऊन तो भाग ऊब धरतो, म्हणून खूप वेळा दाबल्यावर उठतो. २०००च्या पुढची काही वर्षं जगभर असले खराब कपॅसिटर बोर्डांवर बसले आणि मोठमोठ्या कंपन्यांची मशीनं त्यात गेली. हे मी नंतर वाचलं. काकांना ते फुगलेले माथे बघून बघूनच माहीत होतं.

जुने उपसून १०५ डिग्रीवाले नवीन बसवले. पांढरा पट्टा ऋण बाजूला, हे एकेकदा बोटाने चाचपून. अडीचशे रुपये. मी पाचशेची नोट पुढे केली तर सुट्टे शोधायला पोराला बाहेर पाठवलं.

कुणाचं मशीन असं अडत असेल तर सांगते. आधी सगळ्या वायरी काढून थोडा वेळ थांबा. रॅमची सोनेरी कड खोडरबराने पुसा. तारीख मागे जात असेल तरच सेल बदला. फुगलेले माथे शोधा. तेच दुखणं एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याच्या, आतही असू शकतं, पण तो डबा स्वतः उघडू नका, वायर काढलेली असली तरी आत झटका शिल्लक असतो. आणि फॉरमॅट मारू देऊ नका.

दुकानाचं म्हटलं तर, ऐकून घेण्याचे त्यांना कोण पैसे देतं? नवीन मशीन विकलं तर चार पैसे सुटतात, अडीचशेच्या सोल्डरिंगमध्ये भाडंसुद्धा निघत नाही. रॅम बदलणारं पोर पगारावर किती जगत असेल कोण जाणे. हे मला कळतं. तरी माझ्या पट्ट्या परत द्या.

खरं तर अर्ध्या मेमरीने पेजमेकरला काडीचा फरक पडला नाही, आणि याचाही मला राग येतो. मशीन अजून चालू आहे. शेजारी नवीन मशीन आलंय, युनिकोडचं काम त्यावर. परवा शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपचा स्क्रीन फुटला. मी तिला त्याच दुकानात पाठवलं, स्क्रीन ते खरंच चांगला बसवतात. रॅम किती आहे ते पावतीवर लिहून घे, म्हटलं, आणि पप्पांना बरोबर नेऊ नकोस.