अन्न नाकारल्याचा गुन्हा

पंढरपुरात अन्न नाकारणे नवलाचे नाही. एकादशीला अवघे गाव उपवास करते. आणि १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी येथेच दहा दिवस अन्न वर्ज्य केले, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचे मान्य झाले. ज्याच्या हाती दुसरे काही उरलेले नसते, त्याचे ते बोलणे असते. तेच बोलणे गणवेशातल्या माणसाने केले की ‘आज्ञाभंग’ ठरते, हे ‘रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल वाचताना ध्यानी आले. मराठीच्या प्राध्यापकाने असले निकाल का वाचावेत? आमच्या महाविद्यालयातली मुले सैन्यभरतीला जातात आणि त्यांच्या निबंधांत ‘शिस्त’ हा शब्द ओळीओळीला येतो, एवढेच कारण.

ठाकूर हे सिग्नल्स पलटणीतले साधे जवान. वरिष्ठाकडून छळ होतो, अशी तक्रार त्यांनी ठरलेली पायरी ओलांडून थेट वर धाडली. त्याबद्दल २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना १९८५ मध्ये त्यांना जेवण्याचा हुकूम झाला. ते जेवले नाहीत. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल भरले. एक वर्षाची सक्तमजुरी, शिवाय बडतर्फी. त्या न्यायालयाला याहून अधिक कैद देताच येत नाही. म्हणजे एका जेवणासाठी कायद्याची सगळी पोतडी रिती झाली! तक्रार ज्याच्याविरुद्ध होती, तो अधिकारी त्या न्यायासनावर होता.

हे समरी कोर्ट मार्शल १८५७ च्या उठावानंतरचे अपत्य. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. सोबत दोघे बसतात, पण निकालात त्यांचा वाटा नाही. शिक्षेला वरच्या मंजुरीची गरज नाही, अंमल तात्काळ. देशी शिपायाची धास्ती घेतलेल्या राज्यकर्त्यांची ही सोय १९५० च्या सेना कायद्यात जशीच्या तशी उतरली. सैन्याची धास्ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि पाहता पाहता आरमार पेटले. पण कोठडीतला एक कैदी जेवला नाही, तर कोणती आघाडी ढासळणार होती?

गुवाहाटी उच्च न्यायालयाने ठाकुरांची याचिका प्रारंभीच फेटाळली. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि सर्व लाभांसह त्यांना नोकरीत परत घेण्यास सांगितले. न्या. वेंकटचलय्या यांच्या या निकालातले, शिक्षा अपराधाच्या मानाने असावी हे सूत्र विधी महाविद्यालयांत घोकले जाते. मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरे: न्यायाधीशाने ‘माझे मन निर्मळ आहे ना?’ असे स्वतःला विचारून भागत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय येईल, ते पाहावे लागते. क्वार्टर गार्डमधल्या शिपायाच्या मनाला कायद्याने मोजमापात धरले, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आले. आमच्या भागातल्या जवानाला दाद मागायला त्याचे मुंबईचे खंडपीठ आहे; त्याआधी न्यायालयात जायचे तर रिट याचिका हीच मुख्य वाट होती. समरी कोर्ट मार्शल अपवाद म्हणूनच, तातडीची निकड असेल तेव्हाच भरवावे, असे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले. ती निकड आहे की नाही, हे प्रथम ठरवतो तो मात्र कमांडिंग ऑफिसरच.