ज्वारीचा दाणा जिवंत हाय का?



परळीच्या आसपासच्या तीन गावांतले आम्ही आठ जण महिन्यातून एकदा एका आखाड्यावर जमतो. विषय एकच, ज्वारी आंबवणं. मी या गटात मागच्या येळवशीनंतर शिरलो. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आता तुम्ही बी भट्टी लावणार का काय?" तिचं विचारणं फुकाचं नव्हतं. माझ्या चुलत्यानं दारूपायी दोन एकर काळी रान घालवली. ते सगळं तिच्या डोळ्यादेखत झालंय.

गटाची कल्पना मात्र बिअरवरूनच निघाली. एका सभासदाचा भाचा पुण्यात नोकरीला. त्यानं सांगितलं की परदेशात लोक घरी बिअर करतात आणि त्याचे क्लब असतात. अमेरिकेत १९७८ साली तसा कायदा झाला. माणशी वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर, घरापुरती करायला मोकळीक. क्लबात एक जण गव्हाची आणतो, दुसरा करपेपर्यंत भाजलेल्या जवाची काळी, तिसरा थंडीत महिनाभर मुरवलेली. एकमेकांची चाखायची आणि कुठलं धान्य, किती तापमान, किती दिवस, सगळं वहीत उतरवायचं.

आपल्याकडं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू हाय. परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा हाय, घरापुरती म्हणून सूट नाही. म्हणून आम्ही त्यांची वही घेतली आणि बिअर सोडून दिली. आपल्याकडं आंबवायला आंबील हाय की! येळवशीला कोपीत पूजा झाली की भज्जीसोबत जी आंबील पितो, तिच्यावरच काम सुरू केलं.

पहिल्या खेपेला विरजण एकाच घरच्या ताकाचं ठेवलं, मडकी सारखी, पाणी मोजून. बदलली फक्त ज्वारी. एकात मालदांडी (एम ३५-१), दुसऱ्यात दगडी, तिसऱ्यात हुरड्याची गूळभेंडी, चौथ्यात खरिपातली परभणी शक्ती. परभणी विद्यापीठाचं हे वाण २०१८ मध्ये आलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. चारी आंबिली वेगळ्या लागल्या. आमच्या जिभेला मालदांडीची गोडसर लागली, दगडीची घट्ट झाली. थंडीत आंबायला दोन रात्री लागल्या, एप्रिलात एका रात्रीत काम झालं. बिअरचंही असंच. एल जातीची उबेत आंबवतात, लागर थंडीत, आणि तेवढ्यानं चव बदलते. फरक एवढाच की बिअरीत काम यीस्टचं असतं, आंबिलीत मुख्य काम ताकातल्या जिवाणूंचं. आंबील जास्त दिवस ठेवली तर तिच्यातही यीस्ट शिरतं आणि बुडबुडे येतात. म्हणून गटाचा नियम, आंबली की त्याच दिवशी संपवायची.

पण खरा धडा मिळाला माल्टमुळं. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेलं धान्य. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. जगात बिअर बहुतेक जवाच्या माल्टची, पण आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या हाय. नायजेरियानं १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांनाही ज्वारीकडं वळावं लागलं.

आम्ही ज्वारी धुऊन एक दिवस भिजवली, पाणी तीनदा बदललं, मग ओल्या गोणपाटात तीन-चार दिवस ठेवली. मोड आल्यावर गच्चीवर कडक वाळवली. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कोवळ्या ज्वारीनं जनावर दगावतं हे आपल्याला ठाऊक हाय. तेच विष मोडातही असतं. कोंबात धुरिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून ओले मोड कच्चे खायचे नाहीत. वाळल्यावर हातानं चोळून कोंब आणि मुळ्या पार झाडायच्या, पाखडायच्या, मगच दाणा हलका भाजून दळायचा. पाखडलेलं जनावरापुढं टाकायचं नाही, उकिरड्यात जाऊ द्या.

या पिठाची गंमत बघा. ज्वारीची कण्हेरी घट्ट शिजवा, उतरवून थोडी निवू द्या, मग चमचाभर माल्टचं पीठ घालून ढवळा. थोड्या वेळात ती पातळ होते आणि साखर न घालता गोड लागते. मोड येताना दाण्यात जी एंझाइम तयार होतात, ती पिष्ट तोडतात. उकळत्यात घातलं तर ती मरतात, मग काही होत नाही. बिअरवाल्याच्या कामाचा पहिला टप्पा हाच. आम्ही तिथंच थांबतो, उकळी आणून पोरांना आणि म्हाताऱ्यांना प्यायला देतो.

आता मुद्द्याचं. माल्टसाठी आम्ही दोन ठिकाणची ज्वारी घेतली होती. आधी ओल्या फडक्यात शंभर-शंभर दाणे मोजून ठेवले. लिंबाचा पाला घालून साठवलेल्या रब्बीचे नव्वदच्या वर उगवले. काढणीच्या पावसात सापडलेल्या खरिपाचे निम्मेसुद्धा नाहीत, वर बुरशी आली. त्याचं माल्ट होतच नाही.

ही काळी पडलेली ज्वारी आजवर कुठं जाते? २००७ साली राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं. बाजूनं बोलणारे सांगत होते, काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळंल. विरोधही मोठा झाला. मला त्यातला हिशोब आत्ता उमगला. मद्यार्काच्या कारखान्याला दाणा मेलेला चालतो, त्याला फक्त पिष्ट पाहिजे. त्यामुळं तो भाव मेलेल्या मालाचाच देणार. माल्ट करणाऱ्याला दाणा जिवंत लागतो, उगवणारा. त्याच्या दारात आपली काढणी, वाळवण, साठवण यांना किंमत येते.

माझ्या घरात दारूनं जे केलं ते बघता मी दारूसाठी ज्वारी पिकवा असं सांगणार नाही. पण माल्ट दारूसाठीच असतं असं थोडंच हाय. पोरांच्या खाऊत, सत्त्वात, बिस्किटात, आंबिलीत चालतं. सोयाबीनमागं लागून ज्वारीचं रान कमी झालं, कडबा महाग झाला, आणि उरलेली ज्वारी आपण पोत्यानं व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकतो. गट पुढच्या सुगीत एक क्विंटलचं माल्ट करणार हाय. खर्च, उतारा, विक्री, जे निघंल ते इथं मांडीन.

तवर एक करा. यंदा ज्वारी विकायच्या आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधा आणि तिसऱ्या दिवशी मोजा. आणि तुमच्याकडं आंबील कशी करतात, कुठल्या ज्वारीची चांगली लागते, तेवढं कळवा. वहीत पानं अजून कोरी हायेत.